मीटरमधला चोरखिसा

वायरमनताईने सकाळी नऊ वाजता फळ्यावर शिल्लक विजेचा आकडा लिहिला, अठ्ठावीस टक्के, आणि खडू खाली ठेवताना तिला रोजच्यासारखंच चोरी केल्यासारखं वाटलं. आकडा खोटा होता. तो खोटा आहे हे त्या शाळेत आसऱ्याला आलेल्या दीडशे माणसांत तिच्या एकटीला ठाऊक होतं, आणि ते तसंच राहावं म्हणून चार दिवस तिचा जिवाचा आटापिटा चालला होता.

शाळा उंचावर होती म्हणून वाचली. खाली नदीने अर्धी वस्ती गिळली होती, विजेचे खांब आडवे झाले होते, आणि खात्याने पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरमागे जोडून सौरगाडी वर पाठवली होती. गाडी म्हणजे चार चाकांवरचा लोखंडी सांगाडा. पाय टेकवून उभी केली की दोन्ही बाजूंनी सोळा पॅनेल उघडायची, खाली बॅटऱ्यांचं कपाट, शेजारी इन्व्हर्टर आणि त्यावर हाताच्या पंजाएवढा मीटर. कपाट पूर्ण भरलं की त्यात दहा युनिट वीज मावायची. ऊन असलं की ती रोज भरायची, रोज खर्च व्हायची आणि कुणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. पण ऊन पडून चार दिवस झाले होते. आभाळ असं काही खाली उतरलं होतं की भर दुपारी वर्गात समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, आणि पहिले तीन दिवस ढगांआडूनही रोजच्या खर्चाच्या जवळपास वीज आली असली तरी आज सकाळपासून सोळा पॅनेल मिळून जेमतेम इन्व्हर्टरच्या स्वतःच्या खर्चापुरती वीज देत होती.

गाडीबरोबर ती आली होती. तिचा हुद्दा कागदावर वायरमन असाच होता. त्या जागेवर एखादी बाई येईल हे कागद करणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. लोकांनी पुढे ताई जोडून टाकलं आणि प्रश्न मिटवला. येताना ट्रॅक्टरवर तिने वडिलांनाही घेतलं होतं, कारण त्यांचं घर पाण्यात गेलं होतं आणि घरातून बाहेर काढायच्या वस्तूंत त्यांचं ऑक्सिजनचं मशीन सगळ्यात जड होतं.

वडिलांना सगळे नाना म्हणत. नोकरीत असताना मात्र त्यांचं नाव होतं काटेवाले साहेब. ते वजनमाप निरीक्षक होते. दुकानांतले, गोदामांतले, बाजारातले काटे तपासायचे, खरे असले तर शिक्का मारायचा, खोटे असले तर जप्त करायचे. पस्तीस वर्षं धान्याच्या गोदामांतली धूळ खाऊन फुप्फुसांचं जे व्हायचं ते झालं होतं, आणि दोन वर्षांपासून नाकातली नळी हा त्यांच्या चेहऱ्याचाच भाग झाला होता. पण स्वभाव जसाच्या तसा होता. लेकीच्या लग्नाच्या जेवणात आचाऱ्याचा तराजू दोन बोटं झुकतो म्हणून त्यांनी वाढप थांबवलं होतं, ही गोष्ट नातेवाईक अजून चवीने सांगत. आई होती तोवर म्हणायची, यांच्याशी संसार म्हणजे रोज सकाळी उठून तपासणीला सामोरं जाणं. नानांना तो त्यांचा गौरव वाटायचा.

मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीचा दवाखाना केला होता. तिथे दोन रुग्ण होते आणि एक सिस्टर. एक रुग्ण नाना. दुसरा रुग्ण तीन दिवसांचा, शाळेतच जन्मलेला, आणि तोही वेळेच्या महिनाभर आधी. त्याच्यासाठी सिस्टरने प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट आडवं करून त्यात दोन पिवळे बल्ब लावले होते. बाळ सशाच्या पिल्लाएवढं होतं. बल्ब पाच मिनिटं बंद पडले तरी त्याची बोटं निळी पडायला लागायची, हे एकदा होऊन गेलं होतं, आणि त्याची आई तेव्हापासून त्या काचेजवळून हलली नव्हती.

आता चोरखिशाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पुरात, दुसऱ्याच एका शाळेत, वायरमनताईने फळ्यावर खरे आकडे लिहिले होते. फळ्यावर पंधरा होते. पंधरा म्हटल्यावर लोकांना हायसं वाटलं. एकाने फोन चार्जिंगला लावला, एकीने पाणी गरम करायला घेतलं, पंधराचे आठ झाले तरी आठ आहेत की म्हणून सगळे बिनघोर. पहाटे गाडी बंद पडली आणि मशीनवरच्या एका आजींचा श्वास थांबला. कुणाची चूक म्हणून कुणालाच धरता आलं नाही. त्या आजींची उघडी राहिलेली मूठ ताईने स्वतःच्या हाताने मिटली होती.

तेव्हा तिच्या वरच्या मिस्त्रींनी तिला बाजूला घेऊन मीटरचं आतलं झाकण उघडायला शिकवलं. आतल्या एका बटणाने मीटर असा लावता यायचा की तळाचे वीस टक्के त्याला दिसूच नयेत आणि वरचे ऐंशीच तो शंभर धरून मोजायचा. खाली वीस शिल्लक असतानाच तो शून्य दाखवायचा आणि गाडी बंद करायचा. मग झाकण उघडून तेच बटण दाबलं की चोरून ठेवलेली वीज मोकळी व्हायची. मिस्त्री याला चोरखिसा म्हणत. बायका पैशांच्या पिशवीला आतून शिवून घेतात तसा. आणि मिस्त्रींची एकच अट होती: चोरखिसा एकाला सांगितला की तो खिसा उरत नाही. म्हणून कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचा नाही.

नानांना सांगायचं तिच्या चारदा मनात आलं. पण नानांना सांगणं म्हणजे फळ्यावर लिहिणंच. ते नळीसकट उठून हॉलमध्ये गेले असते आणि खरा आकडा खणखणीत आवाजात वाचून आले असते. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला लाज वाटत होती. काटेवाले साहेबांच्या पोटी जन्मून मीटर खोटा लावायचा, आणि तो त्यांच्याच डोळ्यांसमोर, हे तिला कबूल करवत नव्हतं. पन्नाशीला टेकलेली बाई अजूनही बापाच्या नजरेला भिते, याचं तिलाच कधीकधी हसू यायचं.

दहा वाजता तिने फळ्यावर तेवीस लिहिले. हॉलमध्ये चटया पसरून बसलेली माणसं फळ्याकडे वळली. चार दिवसांत त्यांना त्या आकड्याची इतकी सवय झाली होती की ताई खडू उचलायची तेव्हा लहान मुलंसुद्धा रडायची थांबत. पहिल्या दिवशी फोन चार्जिंगला लावण्यावरून भांडणं झाली होती. आता हॉलमधल्या खटक्यांकडे कुणी बघतही नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच तिने हा खोटेपणा केला होता. हॉल आणि दवाखाना एकाच वायरीवर होते. दवाखाना वेगळा काढायला लागणारी जाड वायर खात्याच्या गोदामात होती आणि गोदाम पाण्याखाली होतं. म्हणजे हॉलमध्ये कुणी एक बटण दाबलं तरी ते नानांच्या श्वासातून आणि बाळाच्या उबेतून जाणार होतं. लोकांना आवर घालायला तिच्याकडे भीतीशिवाय दुसरं काही नव्हतं.

सव्वादहाला बिनतारी यंत्रावर निरोप आला. होडी निघतेय, वाटेतल्या दोन वस्त्यांची माणसं हलवून येणार, पाण्याला ओढ आहे, पाच वाजेपर्यंत पोचेल. होडीत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे आणि नानांना व बाळाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायची सोयही आहे. ताईने मनातल्या मनात हिशेब केला. खऱ्या आकड्याने दोघंही पाचाच्या पुढे तास-दीड तास निघत होते.

अकराला सतरा. ते लिहून ती दवाखान्यात गेली तेव्हा नाना उशीला टेकून बसले होते आणि दारातून दिसणाऱ्या फळ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, या बाळाच्या बल्बांना किती लागतं. ती मशीनची वायर तपासत होती. तिने सहज सांगितलं, शंभर वॉट.

"आणि माझ्या मशीनला?"

"साडेतीनशे. मागे लिहिलंय की."

"मीटर शून्यावर आला की काय होतं?"

"बंद पडतं सगळं," ती म्हणाली. सांगायची हीच वेळ होती. तिने तोंड उघडलंही होतं, पण बाळाची आई दोन हातांच्या अंतरावर बसली होती, दारात माणसं होती, आणि मिस्त्रींची अट तिच्या जिभेवर येऊन बसली. ती एवढंच म्हणाली, की होडी येतेय, तुम्ही पडून राहा. नानांनी मान हलवली आणि सिस्टरकडे एक पेन मागितला. औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या मागच्या बाजूवर ते काही आकडे मांडत बसले. म्हाताऱ्याला वेळ घालवायला काहीतरी हवं म्हणून तिला उलट बरंच वाटलं.

बाराला बारा. एकाला सहा.

सहाचा आकडा लिहिताना तिचा खडू तुटला. खरे पंचवीस आहेत हे माहीत असूनही तुटला. हॉलमध्ये एक बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली, मुख्याध्यापिका बाईंनी पुढे येऊन विचारलं की आता पुढे काय, आणि ताईने ठरलेलं उत्तर दिलं: मी बघते. बाई तिच्याकडे क्षणभर अशा बघत राहिल्या की ताईला वाटलं, यांना कळलं. पण त्या फक्त घाबरल्या होत्या.

बाहेर आभाळ जरा उजळल्यासारखं वाटत होतं. ती फडकं घेऊन गाडीवर चढली आणि पॅनेलवरचा चिखल पुसायला लागली. दोन पॅनेल पुसून झाली की ती वाकून मीटर बघायची. मीटरवर दोन आकडे होते. वरचा म्हणजे शिल्लक, तो सहाच होता. खालचा म्हणजे त्या क्षणाला जाणारी वीज, तो साडेचारशे वॉट. हा खालचा आकडा ती चार दिवस डोळ्यांत तेल घालून बघत होती, कारण तो खोटा नव्हता. साडेचारशे म्हणजे नाना साडेतीनशे आणि बाळ शंभर. दुरून, पावसातून, भिंतीपलीकडून तिला तेवढ्यावर कळायचं की दोघंही आहेत.

पाचवं पॅनेल पुसून ती वाकली तेव्हा खाली शंभर होते.

आधी तिला वाटलं ओल्या काचेमुळे नीट दिसत नाही. तिने बाहीने काच पुसली. शंभर. बल्ब चालू होते, म्हणजे वायर शाबूत होती. मग साडेतीनशे गेले कुठे, हे तिच्या डोक्याला कळायच्या आधी हातापायांना कळलं. ती गाडीवरून उतरली नाही, पडलीच. गुडघा फुटला, चप्पल चिखलात राहिली, आणि मैदान ओलांडताना ती मोजत होती, कारण तिला दुसरं काही सुचत नव्हतं. किती वेळ झाला असेल? ती शेवटची वाकली होती त्याला पाच मिनिटं झाली असतील की दहा? व्हरांडा संपता संपत नव्हता. हॉलमधली माणसं तिला धावताना बघून उठून उभी राहिली, आणि कुणीतरी ओरडलं की संपली, वीज संपली.

दवाखान्यात सगळं शांत होतं. तीच शांतता भयंकर होती. मशीनची घरघर नव्हती. सिस्टर बाळाच्या पेटीत हात घालून त्याचे पाय चोळत होती. नाना भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते, चादर खांद्यापर्यंत, झोपल्यासारखे. मशीनची पिन खाली फरशीवर व्यवस्थित ठेवलेली होती आणि तिच्या वायरीचं नीट वेटोळं केलेलं होतं. त्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पसरून ठेवली नव्हती.

तिने त्यांना आपल्याकडे वळवलं. ओठ जांभळे झाले होते. छाती हलत होती, पण माशाच्या कल्ल्यासारखी, हवा आत न जाता. तिने पिन लावली, मशीन सुरू केलं, गळ्यात उतरलेली नळी नाकात बसवली. मशीनला हवेतून ऑक्सिजन गाळायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि नाना, नाना, एवढंच म्हणत राहिली. तिला त्या आजींची मूठ दिसत होती. तिने नानांची मूठ घट्ट धरून ठेवली, उघडी पडू नये म्हणून.

सिस्टर पांढरीफटक पडली होती. ती म्हणाली, "ताई, ते म्हणाले मशीन तापलंय. दहा मिनिटं बंद ठेवायला तुम्हीच सांगितलंय म्हणाले."

काटेवाले साहेब खोटं बोलले होते, आणि तेही लेकीच्या नावावर. खाटेवर औषधाचं खोकं पडलं होतं. त्याच्या पाठीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात गणित होतं: दोघं मिळून तासाला साडेपाच जातात, सहा उरले, म्हणजे दोनच्या सुमाराला शून्य. खाली दुसरं गणित: एकटं बाळ, तासाला सव्वा, म्हणजे पावणेपाच तास. होडी पाचला. त्याखाली दोन रेघा. गणितात काडीची चूक नव्हती. चूक त्याच्या पहिल्या ओळीत होती, आणि ती ओळ तिने स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिली होती.

नानांनी डोळे उघडले. त्यांना मशीनची घरघर ऐकू आली आणि त्यांचा हात नाकाकडे गेला. तिने तो हात धरला.

"काढ," ते म्हणाले. शब्दाशब्दाला दम लागत होता. "सहाच आहेत. बाळाला... पुरू देत."

"सहा नाहीत नाना. पंचवीस आहेत."

ते हसले. बापाला जगवायला लेक काय वाट्टेल ते बोलेल हे त्यांना समजत होतं, आणि त्या हसण्यात तिच्याबद्दल एवढी माया होती की तिच्या अंगावर काटा आला. त्यांनी दुसऱ्या हाताने नळी ओढली. तिने परत बसवली. ते म्हणाले, मीटर दाखवतो ते खरं. ती म्हणाली, मीटर चुकीचा आहे. ते म्हणाले, सकाळपासून तासाला बरोबर साडेपाच उतरतोय, चुकीचा मीटर असा सरळ उतरत नाही, मला शिकवू नकोस. आणि त्यांनी नळी पुन्हा ओढली. पस्तीस वर्षं जो माणूस काट्यावर विश्वास ठेवून जगला तो पोरीच्या शब्दावर कसा हलणार? तो मरेल पण हलणार नाही हे तिला लख्ख दिसलं, आणि ते किती मिनिटांत होईल हेही दिसलं. बाळाची आई भिंतीला चिकटून हे सगळं बघत होती. दारात अर्धा हॉल गोळा झाला होता.

मग तिने तो शब्द उच्चारला. त्यांच्या घरात त्या शब्दाहून घाण शिवी नव्हती. तो नाना फक्त जप्त केलेल्या तराजूंच्या मालकांबद्दल वापरत, तेही दार लावून.

"नाना, मी काटा मारलाय."

त्यांचा हात थांबला.

"मीटर मी खोटा लावलाय," ती म्हणाली. "वीस टक्के लपवलेत. पहिल्या दिवसापासून. सगळ्यांना फसवलंय, तुम्हालासुद्धा."

नाना तिच्याकडे बघत राहिले. पंचवीस आहेत हे जीव वाचवायला कुणीही बोलेल. पण हे त्यांची पोर कशासाठीही खोटं बोलली नसती, मरताना पाणी मागायचं असतं तरी नाही. म्हणून त्यांचा विश्वास बसला. तो बसताना तिने पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरची माया हळूहळू मागे गेली आणि तिच्या जागी एक नजर आली. ती नजर तिने लहानपणी त्यांच्यासोबत बाजारात हिंडताना पाहिली होती. तेव्हा ती त्यांच्या बाजूला उभी असायची.

त्यांनी नळी स्वतःच्या हाताने नाकात नीट बसवली. मग म्हणाले, "फळ्यावर लिही."

तिने बाहेर जाऊन झाकण उघडलं, बटण दाबलं, मीटर पंचवीसवर आला. ती परत आली आणि दीडशे माणसांसमोर सहा पुसून पंचवीस लिहिले. का, कसं, ते थोडक्यात सांगितलं. तिला वाटलं होतं लोक चिडतील. चिडले असते तर सोपं होतं. कुणी चिडलं नाही. कोपऱ्यातला एक माणूस उठला, शांतपणे खटक्याजवळ गेला आणि त्याने फोन चार्जिंगला लावला. चार दिवस त्याला बायकोची खबर नव्हती. ताईने हात जोडले. तिने सांगितलं की आता खरोखर एवढंच आहे, याखाली काही नाही. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, ताई, तुमच्याकडे अजून असणारच. त्यामागे दुसरा उठला. दहा मिनिटांत खटक्याखटक्याला फोन लटकले, आणि मुख्याध्यापिका बाईंनी दोनदा समजावलं तरी सगळे फोन निघाले नाहीत.

तिला कुणाला काही म्हणायचा हक्क राहिला नव्हता. दुपारभर ती गाडीजवळ उभी राहून मीटर बघत राहिली. आता खाली पाचशे होते, मधेच साडेपाचशे, आणि त्यातले साडेतीनशे कुठले ते ओळखू येईना. नाना आहेत की नाहीत हे कळायला तिला दर पाच मिनिटांनी धावत जाऊन दारातून बघावं लागत होतं. ते भिंतीला टेकून बसलेले असत. ते तिच्याकडे बघत नसत. तीनला सोळा होते. चारला अकरा. आता प्रत्येक आकडा खरा होता आणि ती खरी भीती तिला पहिल्यांदाच कळत होती. खाली काही नाही, हातात काही नाही, हे वाटणं हॉलमधली माणसं चार दिवस सोसत होती.

पाचला सहा होते आणि होडी दिसत नव्हती. यंत्रावर नुसती खरखर. तेव्हा कुठे लोकांनी एकेक फोन काढला, कुणी न सांगता, कारण होडी नाही म्हटल्यावर तो आकडा आता त्यांनाही खरा वाटत होता. साडेपाचला चार. सिस्टरने गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून बाळाभोवती लावल्या. नाना अचानक म्हणाले, दोनवर आला की माझं बंद कर, आणि या वेळी कुणीच त्यांच्याशी वाद घातला नाही. ताई दारात उभी होती. दोनवर यायला पंचवीस मिनिटं होती.

सहाला पाच कमी असताना खालून शिट्टी ऐकू आली. मीटरवर दोन होते.

मग सगळं पटापट झालं. चार माणसांनी नानांना खुर्चीसकट उचललं आणि चिखलातून उताराने पाण्यापर्यंत नेलं. बाळ आईच्या छातीशी बाटल्यांसकट बांधलं होतं. होडीवाल्याने सिलिंडर पुढे केला. तो हिरवा, मुलाच्या उंचीचा होता आणि त्याच्या मानेवर वाटीएवढा गोल काटा. ताईने नळी जोडली, किल्ली फिरवली, फुस्स आवाज झाला. नानांच्या गालावर रंग परत येताना तिने पाहिला. ते जिवंत आहेत, ते जगणार, हे तिच्या मनात एखाद्या लहान मुलीसारखं दहादा येऊन गेलं. तिला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिने वाकून काट्याकडे पाहिलं.

"भरलेला आहे, नाना," ती म्हणाली. "तीन तास पुरेल. पलीकडे पोचायला एकच लागतो."

नानांनी ऐकलं. त्यांनी मान वळवली आणि होडीत चढणाऱ्या सिस्टरला बोलावलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "जरा तुम्ही बघता का?"

सिस्टर ताईकडे न बघता खाली वाकली. तिने बोटाने काच पुसली, काटा वाचला आणि सांगितलं, की भरलेलाच आहे, तीन तास सहज जाईल.

नानांनी मान हलवली आणि होडीवाल्याला निघायला सांगितलं.